समोर बसणारी बाई

"त्या बाई कुठे आहेत?" घड्याळजींनी मला विचारलं. माझ्या हातात त्यांचीच फाईल होती आणि फाईलवर माझंच अक्षर होतं. मी म्हटलं, "कोणत्या?" त्यांनी दोन्ही हात अंगापासून लांब नेऊन हवेत एक मोठा गोल काढला, मग एकदम ओशाळून हात खाली घेतले आणि म्हणाले, "त्या हो. कान तपासायच्या त्या. हसऱ्या." या प्रश्नाचं माझं उत्तर चौदा महिन्यांत घोटून तयार झालं आहे. ती मीच, हो, पोटाचं ऑपरेशन, नाही, आता दुखत नाही, अठ्ठावन्न किलो उतरले, हो, पुष्कळच, नाही, तुमच्या मेहुणीने करावं की नाही ते मी सांगू शकत नाही. हे सगळं म्हणायला सव्वा मिनिट लागतं, आणि समोरचं माणूस तेवढा वेळ माझ्या गळ्याखाली बघत राहतं, गेलेली मी अजून कुठे शिल्लक आहे का ते शोधत. त्या दिवशी सकाळपासूनच माझं डोकं फिरलेलं होतं. मी म्हटलं, "त्यांनी काम सोडलं." घड्याळजी उंबऱ्यातच थांबले. "अरेरे," ते म्हणाले, "मग मी पुन्हा कधीतरी येतो." मी म्हटलं, "काका, पुन्हा आलात तरी मीच असणार आहे. आत बसा." ते मुकाट्याने काचेच्या खोलीत जाऊन बसले.

डोकं फिरायचं कारण घरचं होतं. सकाळी नवरा स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभा राहिला. तो रस्ते खात्यात नकाशे काढतो आणि घरातही कुठलीही गोष्ट आधी मनात आखून मगच बोलतो, त्यामुळे तो बोलायला लागला की हे आदल्या दिवशीच ठरलेलं आहे हे मला समजतं. "मी थोडे दिवस ताईकडे जाऊन राहतो," तो म्हणाला. "संध्याकाळी सहाची बस आहे." मी विचारलं, किती दिवस. "तू शांत होईपर्यंत," तो म्हणाला, आणि इतक्या मायेने म्हणाला की माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. झालं काय होतं, तर आदल्या दिवशी याच ताईचा, माझ्या नणंदेचा, फोन आला होता. मुलांना घेऊन दहा दिवस राहायला येते म्हणाली, हा नेहमीसारखा लगेच हो म्हणाला, आणि मी म्हटलं की मला विचारल्याशिवाय हो म्हणत जाऊ नकोस. एवढंच. सतरा वर्षं ती माणसं येतात आणि मी उशांचे अभ्रे बदलते, आणि सतरा वर्षं नणंद जाताना सांगते की वहिनीसारखी शांत बाई शोधून सापडायची नाही. "दिवसभरात एक फोन कर," नवरा म्हणाला. "नुसतं थांब म्हण. मी थांबेन." मी म्हटलं, "तुला राहायचं तर राहा, जायचं तर जा, माझ्यावर कशाला टाकतोस?" "ओरडू नकोस ना," तो म्हणाला, आणि कप विसळून, पालथा घालून कामावर गेला. त्याने कप विसळला याचासुद्धा मला राग आला.

मी ओरडत नव्हते. आवाज मोजणं हाच माझा धंदा आहे, तेव्हा हे मी खात्रीने सांगते. उलट ऑपरेशन झाल्यापासून मी आयुष्यात कधी नव्हते इतकं हळू बोलते, आणि त्याला कारण आहे. कान आणि घसा यांच्यामध्ये एक बारीक नळी असते, तिच्याभोवती थोडी चरबी असते, त्या चरबीमुळे ती मिटलेली राहते. माणूस भराभर बारीक झालं की तिथलीही चरबी जाते, नळी उघडी राहते, आणि मग स्वतःचा आवाज स्वतःच्याच कानात घुमायला लागतो. सगळ्यांना होत नाही, मला झालं. मी बोलले की रिकाम्या टाकीत कोणीतरी बोलल्यासारखं ऐकू येतं. श्वाससुद्धा ऐकू येतो. सफरचंद चावलं की बाकीचं जग बंद. लोकांचे कान तपासणाऱ्या बाईला हे व्हावं याची आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांना फार गंमत वाटली, त्यांनी दोन सभांमध्ये सांगितलं म्हणे. तर मी स्वतःला टाळण्यासाठी आवाज खाली घेते, जवळजवळ कुजबुजते, आणि तरी घरात, दवाखान्यात, फोनवर प्रत्येक जण मला सांगतो की तू हल्ली फार ओरडतेस. खरी गोष्ट अशी की मी हल्ली नाही म्हणते, आणि लोकांना तो शब्द माझ्या तोंडून मोठ्यानेच ऐकू येतो. हे नवऱ्याला समजावून सांगायला गेले तर तो म्हणाला, "बघ, आता पण."

घड्याळजींच्या कानांवर मी हेडफोन चढवले, हातात बटण दिलं, दार लावून घेतलं आणि आडोशामागे जाऊन बसले. काचेच्या खोलीबाहेर यंत्राचं टेबल आहे, आणि टेबल व भिंत यांच्यामध्ये लाकडी आडोसा लावलेली एक अरुंद जागा आहे. तपासणाऱ्याने तिथे बसायचं असतं, म्हणजे आपला चेहरा तेवढा त्याला दिसतो पण आपले हात त्याला दिसत नाहीत. मी बारीक आवाज सोडते, त्याला ऐकू आला की तो बटण दाबतो, माझ्या यंत्रावर दिवा लागतो, मी आवाज आणखी बारीक करते. सगळं कसब मधल्या शांततेत असतं. एका तालात आवाज सोडले तर माणूस तालावर बटण दाबत सुटतो, म्हणून कधी दोन सेकंद थांबायचं, कधी नऊ. पूर्वी मला हे थांबणं आवडायचं. आता मी थांबते आणि त्या नऊ सेकंदांत माझ्या डोक्यात सकाळचा कप पालथा पडतो, नणंद दहा दिवसांच्या पिशव्या घेऊन जिना चढते, आणि हाडं टोचायला लागतात. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. खुर्च्या कठीण असतात हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. थंडी वाजते, केस गळतात, दंडाखाली रिकामी कातडी लोंबते, आणि अजूनही मी दारातून जाताना अंग तिरकं करते. आणि भूक लागत नाही. पूर्वी कुठलाही वैताग असो, त्याला एक जागा होती. घरी जाताना कोपऱ्यावरच्या बेकरीतून चार गोड पाव घ्यायचे आणि चौथा संपेपर्यंत डॉक्टर, नणंद, काउंटरवरची पोरगी, सगळ्यांना माफ करून घराची कडी वाजवायची. आता अर्ध्या पावानंतर घाम फुटतो, छाती धडधडते, आडवं व्हावं लागतं. ऑपरेशनच्या आधी एक बाई बोलायला आली होती, तिने माझ्याकडून फॉर्म भरून घेतला आणि म्हणाली, काही दिवस चिडचिड होईल. काही दिवस. राग गिळायला निदान पोट तरी लागतं, आणि माझं त्यांनी कापून केळ्याएवढं ठेवलं आहे.

दिवा लागला नाही. मी आवाज वाढवला, तरी नाही. आणखी वाढवला तेव्हा कुठे लागला. फाईलमधला दोन वर्षांपूर्वीचा आलेख माझ्यासमोर होता, माझ्याच हाताने काढलेला, वयाच्या मानाने उत्तम. आत्ताचा त्याच्या शेजारी उतारावरून घसरल्यासारखा खाली चालला होता. मला वाटलं, म्हातारा रुसलाय, मुद्दाम बटण दाबत नाही. हेही रोजचंच. गेले आठ महिने येणारा प्रत्येक जुना पेशंट काउंटरवर तक्रार करून जातो की आधीच्या बाई चांगल्या होत्या, यांच्याकडे काही ऐकूच येत नाही. डॉक्टरांनी मला दोनदा बोलावून घेतलं, "जरा सबुरीने घ्या, लोक घाबरतात तुम्हाला." मला, जिच्याकडे शाळेत इतर मुली आपापली दप्तरं सांभाळायला द्यायच्या. मी दार उघडून घड्याळजींना म्हटलं, "काका, नीट लक्ष द्या. अगदी बारीक ऐकू आलं तरी दाबायचं." त्यांनी मान डोलावली. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, यावेळी पाच पाच, दहा दहा सेकंद थांबत, स्वतःचा श्वास ऐकत. आलेख रेघेवर रेघ तसाच आला. आता मात्र मी वैतागून हेडफोन काढायला आत गेले, तर ते माझ्याकडे बघून फार नरमाईने म्हणाले, "तुम्ही तिकडे आत बसता ना, म्हणून. त्या समोर बसायच्या."

"समोर बसल्याने काय होतं?"

"दिसायचं की," घड्याळजी म्हणाले. "आवाज सोडताना त्यांचा खांदा हलायचा. हा इथून असा." त्यांनी आपल्या सुकलेल्या दंडावरून हात फिरवला. "भरपूर अंग होतं ना त्यांचं, थोडं जरी हललं तरी दिसायचं. आणि दाबलं की हसायच्या. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेर बाकावर बसलेले एकमेकांना सांगायचे, बाईंच्या खांद्याकडे बघायचं. मला वाटायचं, मुद्दाम करतात. माणसाला बरं वाटावं म्हणून."

मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसले. आडोशामागच्या त्या जागेत मी कधी मावलेच नव्हते. कामावर लागले त्या पहिल्या दिवशी मी आत शिरायला गेले आणि टेबलाची कड पोटात रुतली, तेव्हा डॉक्टर चटकन म्हणाले होते, "असू द्या, असू द्या, तुम्ही समोर बसा, काही फरक पडत नाही." नऊ वर्षं मी समोर बसले. आठ महिन्यांपूर्वी एक दिवस सहज आत सरकून बघितलं तर बसता आलं, आणि त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी दुपारी नवऱ्याला फोन करून सांगितलं. त्या दिवसापासून लोकांचे कान बिघडायला लागले. आणि मी मूर्खासारखी रोज संध्याकाळी विचार करत होते की मी कडक झाले, की म्हातारे जास्त म्हातारे झाले. नऊ वर्षं माझं अंग माझ्या पाठीमागे, म्हणजे माझ्या डोळ्यांसमोरच, लोकांना उत्तरं सांगत होतं. सगळ्या बाकाला ठाऊक होतं. काउंटरला ठाऊक असणार. मला सोडून सगळ्यांना.

"तुम्हाला घड्याळाची टिकटिक ऐकू येते का?" मी विचारलं. मुळात हेच आधी विचारायला हवं होतं. घड्याळजी हसले, म्हणजे त्यांनी दात दाखवले. दीड वर्षापासून येत नाही, म्हणाले. गिऱ्हाईक घड्याळ परत आणतं, बंद आहे म्हणतं, आणि मी म्हणतो चालू आहे, कारण कान ठीक आहेत हे माझ्याकडे लिहून दिलेलं आहे. घरी सून म्हणायची, बाबा, तुम्ही आमचं अर्धं ऐकतच नाही, कान दाखवा. तिला वाटायचं मी मुद्दाम उत्तर देत नाही. मग मी एक दिवस हा कागद तिच्यासमोर धरला, म्हटलं, वाच, ऐकू मला सगळं येतं, तू तोंडातल्या तोंडात पुटपुटतेस. फार बोललो. त्यानंतर महिन्याभराने ती आणि मुलगा दुसरीकडे राहायला गेले. "तुम्ही म्हणता ते खरं असेल," घड्याळजी माझ्या ओठांकडे बघत म्हणाले, आणि मला कळलं की ते मघापासून माझे ओठच वाचताहेत, माझा आवाज त्यांना पुरेसा पोचतच नाही, नाहीतर निदान आवाजावरून तरी त्यांनी मला ओळखलं असतं. "पण त्या बाईंकडे माझे कान चांगले होते."

मी तशीच डॉक्टरांच्या खोलीत गेले. ते कोणाच्या तरी कानात बघत होते, ते माणूस बाहेर जाईपर्यंत मी दारात उभी राहिले. मग विचारलं, "मी समोर बसून तपासत होते तेव्हा लोकांना माझा खांदा हललेला दिसत होता. तुम्हाला माहीत होतं?" डॉक्टरांनी चष्मा काढला. ते वाईट गृहस्थ नाहीत. ऑपरेशनच्या वेळी दोन महिने रजा दिली, फुलं पाठवली. "थोडीफार शंका होती," ते म्हणाले. "आकडे जरा जास्तच छान यायचे." मी म्हटलं, मग बोलला का नाहीत, टेबल सरकवता आलं असतं, एक पडदा लावता आला असता. "तुम्हाला कसं सांगणार?" ते म्हणाले. "तुम्हाला वाईट वाटलं असतं." माझा श्वास कानात एवढ्या मोठ्याने चालला होता की पुढचं एक वाक्य मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, त्या नऊ वर्षांतल्या सगळ्यांना पत्र पाठवून पुन्हा बोलवायला हवं. ते म्हणाले, शांतपणे विचार करू. मी म्हटलं, शांतपणे विचार करून झाला, घड्याळजींना मी आत्ताच लिहून देतेय, बाकीच्यांची यादी उद्या काढते. डॉक्टरांनी चष्मा पुन्हा लावला. "पूर्वीच्या तुम्ही असं बोलला नसतात," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर दुःख होतं. मला दवाखान्याच्या छापील कागदांचा गठ्ठा त्यांच्या टेबलावरून उचलावा लागला, कारण त्यांनी तो दिला नाही.

घड्याळजींना मी लिहून दिलं की आधीचे तीनही आलेख चुकीचे आहेत, चूक तपासणाऱ्याची आहे, पेशंटची नाही, आणि दोन्ही कानांना यंत्र लागेल. खाली सही केली. ते सही बघत राहिले, मग फाईलवरची जुनी सही, मग मला. मी म्हटलं, "काका, ती मीच." मोठ्याने म्हटलं, त्यांना पोचेल असं, आणि माझ्या डोक्यात ते तीनदा वाजलं. त्यांनी घड्याळ उघडून बघतात तसं बघितलं असेल मला. आता तरी दोन शब्द ऐकवतील, मुलगा घर सोडून गेला त्याबद्दल, दीड वर्ष गिऱ्हाइकांशी भांडलो त्याबद्दल, असं मला वाटलं, आणि मी तयार होते. "बरं झालं," ते म्हणाले. कागदाची घडी करून त्यांनी वरच्या खिशात घातली. "सुनेला नेऊन दाखवतो. पण तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका हं." म्हणजे इथेही तेच. अठ्ठावन्न किलो गेले तरी लोक मला वाईट वाटू नये म्हणून जपतातच.

त्या दिवशी मी नवऱ्याला फोन केला नाही. तीन वेळा हातात घेतला. थांब म्हणायचा सूर मला तोंडपाठ आहे, थोडा खालचा, शेवटी जरा वर जाणारा, म्हणजे समोरच्याला वाटतं की आपणच मोठ्या मनाचे. त्या सुरात मी हो म्हटलं आहे, चालेल म्हटलं आहे, अरे त्यात काय म्हटलं आहे. त्याच सुरात फोन केला असता तर तो संध्याकाळी घरीच राहिला असता, कदाचित येताना माझ्यासाठी शाल घेऊन आला असता, आणि आठवड्याने नणंद आली असती. मला तो जायला नको होता. हे स्पष्ट सांगते, कारण आता सगळ्यांना वाटतं की ही बारीक झाली आणि हिला नवरा नकोसा झाला. काउंटरवरच्या पोरीने तर विचारलंच, आता तुम्हाला बाहेर कोणी बघत असेल ना. बघतात. दार उघडून धरतात, रांगेत पुढे जाऊ देतात, आणि मला त्यांच्या कानशिलात द्यावीशी वाटते, कारण हेच लोक पूर्वी माझ्या आरपार बघायचे. नवरा एकटाच तेव्हाही माझ्याकडे बघत होता. मला तोच हवा होता, पण फोनवर त्याला जी हवी होती तिचा आवाज काढायला माझी जीभ वळेना.

घरी पोचले तेव्हा साडेपाच झाले होते. बॅग दारापाशी होती आणि तो शेवटच्या शर्टाला इस्त्री करत होता. "फोन नाही केलास," तो म्हणाला. मी पर्स न ठेवताच त्याला घड्याळजींची सगळी गोष्ट सांगितली, खांद्याची, बाकाची, सुनेची, डॉक्टरांची. तो इस्त्री उभी करून ऐकत होता. "म्हणजे चांगुलपणाच होता ना तो," शेवटी तो म्हणाला. "त्यात तुझी काय चूक. कोणी बोललं नाही कारण तू सगळ्यांना आवडायचीस." मी विचारलं, "सतरा वर्षांत तुला माझा कधी राग आला नाही?" नाही, तो म्हणाला. लगेच म्हणाला. मी म्हटलं, खोटं बोलतोस. "तुझ्यावर कसं रागावणार," तो म्हणाला, "तुला वाईट वाटलं असतं." मी खाली बसले, पलंगावर, त्याच्या घडी केलेल्या शर्टांवरच.

आणि मग मी त्याला सांगितलं, जे मी त्या फॉर्म भरणाऱ्या बाईलाही सांगितलं नव्हतं. जाड माणसाला भांडता येत नाही. कोणाशीच. कारण भांडण कशावरूनही असो, समोरच्याच्या तोंडात एक शब्द कायम तयार असतो, आणि भांडण वाढलं की तो बाहेर येणार हे दोघांनाही ठाऊक असतं. म्हणून आपण आधीच हसायचं. तो शब्द तू कधी म्हणाला नाहीस, आणि तू तो म्हणू नयेस म्हणून मी सतरा वर्षं तुला नाही म्हटलं नाही. मला कोणी चांगल्या स्वभावाची म्हटलं की मी मनात म्हणायचे, चांगली नाही, घाबरट. मी हे सगळं अगदी हळू आवाजात सांगत होते आणि तो नेहमीसारखा ओरडू नकोस म्हणेल म्हणून वाट बघत होते. तो म्हणाला नाही. त्याने इस्त्रीची वायर काढली, गुंडाळली, पुन्हा सोडली. "आणि तुला काय वाटलं," तो म्हणाला, "मला ते सोपं गेलं? काहीही विचारलं की हो. सिनेमा कुठला, तुला आवडेल तो. घर कुठे घ्यायचं, तू म्हणशील तिथे. भिंतीशी बोलल्यासारखं. लोक म्हणायचे, काय छान बायको आहे, कधी भांडत नाही. मी घरात एकटाच राहायचो." त्याचे कान लाल झाले होते. मी म्हटलं, "मग आता भांडते ना रोज." "आता मला सवय नाही," तो म्हणाला. मग त्याने माझ्याखालचे शर्ट ओढून काढले, चुरगळलेलेच बॅगेत कोंबले, चेन लावली आणि गेला. जिन्यावर त्याच्या पावलांचा आवाज खूप वेळ येत राहिला. मी थांब म्हटलं नाही.

सहाला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला. मागे रस्त्याचा आवाज होता. "अजून एक राहिलं," नवरा म्हणाला. मी म्हटलं, बोल. "तू ऑपरेशनचं मला आधी सांगितलं नाहीस. तारीख ठरवून आलीस आणि मग सांगितलंस. वर म्हणालीस, तुला चालेल ना. मी काय म्हणणार होतो? तीन तास मी तिथे बाकावर बसलो होतो, आणि तुला काही झालं असतं तर मी लोकांना काय सांगणार होतो, की मला चालेल म्हटलं होतं?" त्याचा आवाज चिरकला होता. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास, आणि मग मी ते कधीच केलं नसतं. "हो, म्हणालो असतो नको," तो म्हणाला, "मला भीती वाटत होती. मला विचारायचं तरी. आणि ते शर्ट." शर्टांचं काय, मी विचारलं. "अर्धा तास इस्त्री केली होती." फोनमध्ये बसचा दरवाजा उघडल्याचा फुसकारा आला, कंडक्टरने कुठल्यातरी गावाचं नाव घेतलं, कोणीतरी पिशवी ओढली, मग दरवाजा मिटला आणि इंजिनाचा आवाज लांब लांब गेला.

"अरे, तुझी बस गेली वाटतं," मी म्हटलं.

"जाऊ दे. तू मधे बोलू नकोस, मी बोलतोय ना," तो ओरडला. सतरा वर्षांत पहिल्यांदा, भर रस्त्यात, चार माणसांसमोर.

मी मधे बोलले.